न केलेली पत्रिका आणि रस्त्याकडची खोली

मी, संतराम जळबा पतंगे, वय एकोणऐंशी, सेवानिवृत्त मराठी शिक्षक, राहणार कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली, कोणाच्याही भुलवण्यावरून किंवा औषधाच्या गुंगीत न लिहिता, माझ्या स्वतःच्या हाताने व शाईच्या पेनाने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्या दाखल्यात तीन चुका होत्या. त्या मी डॉक्टरांकडून दुरुस्त करून घेतल्या, आणि माझ्या मते दाखल्यापेक्षा ती दुरुस्तीच अधिक भक्कम पुरावा आहे.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र, ज्यात राहते घर सर्वस्वी मुलगा हरीश यास दिले होते, ते या लेखाने रद्द समजावे. ते का रद्द केले हे पुढे क्रमाने येईल. वाचणाऱ्याने मधली कलमे गाळून शेवटाकडे उडी मारू नये.

कलम १. मी हे लिहीत असताना पत्नी सौ. पार्वतीबाई समोर बसून तूर निवडत आहे. तिने मला बजावले, "माझं नाव पयलं लिहा. हरीशचं पयलं आलं तर तो म्हणल, आई माझ्या पदरात टाकली." त्यानुसार: बँकेतील माझी सर्व ठेव पार्वतीबाईस मिळावी आणि राहत्या घरात तहहयात राहण्याचा तिचा हक्क अबाधित असावा. ती कोणाच्याही पदरात टाकलेली नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम २. वडिलोपार्जित शेतीतील माझा हिस्सा हरीश यास द्यावा. हरीशचे बाजारात खते-बियाण्यांचे दुकान आहे, तो कष्टाळू आहे, आणि निर्व्यसनी आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे त्याच्याविरुद्ध जे लिहिणार आहे ते रागाच्या भरात लिहिले, असे कोणी म्हणू नये.

कलम ३. माझा शब्दकोश मी जेथून निवृत्त झालो त्या शाळेच्या ग्रंथालयास द्यावा. तेथे तो कोणी उघडणार नाही हे मला ठाऊक आहे. तरीही द्यावा. लोखंडी कपाट सून पुनम हिला द्यावे, त्याचे कारण कलम ६ मध्ये आहे. भिंग नात आरोही हिला द्यावे. ते मला ज्या पुस्तकांमुळे घ्यावे लागले, ती तिचीच आहेत.

कलम ४. ती पुस्तके म्हणजे जपानी चित्रकथा. आरोही, वय चोवीस, हरीशची एकुलती एक मुलगी, त्यांना 'मांगा' म्हणते. त्यांतील बहुतेक प्रेमकथा आहेत. ती पुस्तके तिच्या शिकवणीच्या कमाईतील असून माझ्या मालमत्तेत धरू नयेत. परंतु त्यांच्याविषयी लिहिल्यावाचून पुढचे कलम समजणार नाही.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मला अक्षर वाचण्यास मनाई होती, चित्रे पाहण्यास नव्हती. म्हणून आरोहीने एक मांगा माझ्या हाती दिला. मी तो कोणतेही मराठी पुस्तक उघडावे तसा उघडला. पहिल्या पानावर शाळेच्या गच्चीवर एक मुलगी एकटी रडत होती. पुढे एक मुलगा तिच्यासमोर मान खाली घालून उभा होता. त्यापुढे ती त्याला धीर करून काही सांगत होती, मग जिना चढत होती, मग आरशासमोर वेणी घालत होती, आणि शेवटच्या पानावर मैत्रिणींबरोबर सायकलवरून खिदळत चालली होती.

मी म्हणालो, "आरोही, या लेखकाला रचना कळते. नकार आधी उरकून घेतला आणि आनंद शेवटी ठेवला."

आरोही हसत हसत खाटेवर पडली. "आबा, तुमी उलटं वाचून राहिले! हे उजवीकडून उघडते. पणजोबाच्या उर्दू पुस्तकावानी!"

माझे वडील निजामाच्या काळातील शाळेत शिकले होते आणि त्यांचे उर्दू पुस्तक आजही माझ्या पेटीत आहे, त्यामुळे हा टोला मला निमूट सोसावा लागला. पुढे डोळे सुधारल्यावर, भिंग लावून, तिच्याजवळचे सारे मांगा मी सरळ क्रमाने वाचले. तो क्रम मला पटला नाही व आजही पटत नाही. सरळ क्रमात त्या मुलीची कथा गच्चीवरच संपते. पुढच्या भागात ती नायिकेवर छत्री धरते, नायकाचा निरोप पोहोचवते आणि अखेरीस त्या दोघांच्या लग्नात टाळ्या वाजवते. ती पुढे काय शिकली, कोणाशी भांडली, तिला काय आवडू लागले, हे सांगण्याची तसदी कोणी घेत नाही. नकार मिळालेल्या माणसाला असे पानाच्या कोपऱ्यात उभे करणे मला मान्य नाही.

मात्र त्या चित्रकथांतील एक गोष्ट मी आपल्याकडील चालीपेक्षा श्रेष्ठ मानतो. तेथे जिला विचारायचे ती स्वतः विचारते, आणि ज्याला नाही म्हणायचे तो समोर उभा राहून नाही म्हणतो. आपल्याकडे नाही कोणीच म्हणत नाही. आपल्याकडे पत्रिका जुळत नाही.

कलम ५. गेल्या उन्हाळ्यात आरोहीने वारंगा फाट्यावर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान चालवणाऱ्या, कॉलेजात तिच्या वर्गात असलेल्या आयुषला भरदुपारी, रसवंतीसमोर उभे राहून सांगितले, की तो तिला आवडतो आणि तिला त्याच्याशी लग्न करायचे आहे. त्याचे उत्तर तिने मला सांगितले तसे उतरवतो: "आरोही, तू माझी मैत्रीण आहे, पण तसं माझ्या मनात न्हाई, आन पुढंबी येणार न्हाई. खोटं बोलून तुला लटकवत न्हाई. राग धरू नको."

आरोही रडली. मी ते लपवत नाही, तीही लपवत नाही. पुष्कळ दिवस तिने धड जेवण केले नाही. मग एके सकाळी ती रस्त्याकडच्या तिच्या खोलीत टेबलापाशी बसली आणि स्वतःची मराठी चित्रकथा काढू लागली. तिच्यात गच्चीऐवजी रसवंती आहे, आणि नकार पहिल्याच पानावर आहे. पुढची सर्व पाने त्या मुलीची आहेत. हा क्रम तिला कोठून सुचला, हे सांगून मी फुशारकी मारणार नाही.

माझे शाईचे पेन, ज्याने हे लिहीत आहे ते, आयुष यास द्यावे. ज्याने माझ्या नातीला नाकारले त्याला पेन काहून, असे हरीश विचारेल. उत्तर असे, की त्याने स्वतःच्या तोंडाने, स्पष्ट आणि पूर्ण उत्तर दिले. आमच्या जिल्ह्यात ते फार थोड्यांना जमते.

कलम ६. रसवंतीवाल्याकडून ही बातमी कळमनुरीस पोहोचली. हरीश जेवणाच्या ताटावरून उठला आणि म्हणाला, "त्यानं न्हाई म्हणलं ते एक. पण हिनं विचारलंच काहून?"

पूर्वीचे मृत्युपत्र मी या वाक्यासाठी रद्द केले.

त्यानंतर दिवाळीच्या आत आरोहीला कोठेही उजवून टाकायचे, तिची खोली खताच्या पोत्यांसाठी घ्यायची, मांगा रद्दीत घालायचे आणि तिने काढलेली पाने जाळायची, असे त्याने ठरवले. पाने जाळण्याचे कारण त्याने दिले ते असे: "त्याच्यातलं नाक बराबर आयुषचंच हाय! लोक वळखतील!" नाक खरोखर हुबेहूब आहे. चांगल्या चित्रकाराचा तो गुण समजावा.

मांगांची पोती दारात आली, हिरासिंग राठोड हा रद्दीवाला टेम्पो घेऊन आला. मी जाऊन पोत्यावर बसलो. हिरासिंग माझा विद्यार्थी आहे.

"गुरुजी, जरा उठता का?"

"नाही."

"किती येळ बसता?"

"तुला घाई असेल तर तू जा."

हरीश ओरडला, "बाबा, लोक बघून राहिले!"

"बघू देत. पोते भक्कम आहे."

पुनमने मला चहा आणून दिला, आणि दुसरा कप पोत्यावरच ठेवला, हिरासिंगसाठी. कपाट तिला त्यासाठी. हिरासिंगने चहा पिऊन रिकामा टेम्पो परत नेला. जाताना तो हरीशला म्हणाला, "मालक, गुरुजींच्या खालून काय काढायचं असन तर मला सांगू नका. मला शाळेतली छडी आजून आठवते."

सबब: माझ्या स्वकष्टार्जित राहत्या घरातील रस्त्याकडची खोली, तिच्यातील टेबल, दिवा, खिडकी आणि रस्त्यावर उघडणारे स्वतंत्र दार यांसह, मी आरोही हरीश पतंगे हिला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. तिने लग्न केले तरी ती तिची, न केले तरी तिची. तिने पुन्हा कोणाला विचारले आणि पुन्हा नकार आला, तरीही ती तिचीच. त्या खोलीत खताचे एकही पोते ठेवू नये. उरलेले घर, पार्वतीबाईच्या पश्चात, हरीशचे.

कलम ७. शिरड शहापूरच्या शाळेत माझी पहिली नेमणूक होती. तेथे लक्ष्मी नावाची एक मुलगी, मी तिच्या धाकट्या भावाला केलेल्या शिक्षेचा जाब विचारायला भर वर्गात आली आणि माझ्याशी भांडली. मला ती आवडली. मी त्या काळच्या चालीप्रमाणे भागवतराव यांच्यामार्फत मागणी घातली. भागवतराव तेव्हाही सोयरिकी जुळवत आणि आजही जुळवतात. आठ दिवसांनी त्यांनी निरोप आणला: "पत्रिका जुळत नाही." 

माझी पत्रिका कधी केलेलीच नव्हती. माझ्या वडिलांचा त्यावर विश्वास नव्हता. मग कशाशी काय जुळले नाही? नकार तिचा होता, तिच्या वडिलांचा होता, की भागवतरावांच्या सोयीचा होता, हे मला आयुष्यभर कळले नाही. मी पार्वतीबाईशी संसार केला आणि तो मन लावून केला. पण बंद दारासमोर उभे राहणे वेगळे, आणि दार आहे की भिंत आहे हेच न कळणे वेगळे.

सबब भागवतराव यांस एक कोरा कागद, उत्तम चौकटीत बसवून, द्यावा. तीच माझी पत्रिका. त्यांनी ती आता सावकाश जुळवावी. आरोहीला दिवाळीच्या आत उजवण्यासाठी हरीशच्या सांगण्यावरून त्यांनी आणलेले स्थळही त्याच चौकटीसोबत त्यांना परत करावे.

कलम ८. माझ्या तेराव्याच्या जेवणाची पंगत मागच्या अंगणात बसवावी आणि लोकांना रस्त्याकडच्या खोलीतून आत घ्यावे. तेथे भिंतीवर आरोहीची सर्व पाने लावलेली असावीत. कोणी कोणत्या टोकाकडून वाचावे यावर सक्ती नाही. नाक ओळखणाऱ्यांनी ओळखावे. आयुषलाही जेवायला बोलवावे.

कलम ९. हे कलम शिरड शहापूर येथे लिहीत आहे. त्याचे कारण साक्षीदार.

हरीश म्हणेल, नातीने म्हाताऱ्याला फितवले. म्हणून माझ्या बाजूचा आहे असे म्हणता येणार नाही, असा साक्षीदार हवा होता. एक हिरासिंग होताच, पण तो माझा विद्यार्थी. दुसरा कोण, यावर पार्वतीबाई तूर बाजूला सारून म्हणाली, "हाय की एक. जिनं तुमाला न्हाई म्हणलं ती. ती काहून तुमची बाजू घेल?"

"तिने नाही म्हटले की नाही, हेच तर ठाऊक नाही."

"मंग इचारा की! नात इचारते भर फाट्यावर, आन आजाला लाज वाटून राहिली. चला, मीबी येते. बघू तर द्या कोण होती ती."

हिरासिंगच्या टेम्पोतून आम्ही आज सकाळी येथे आलो. पार्वतीबाई पुढे बसली, मी मागे जुन्या पत्र्यांत. श्रीमती लक्ष्मीबाई धोंडिबा कऱ्हाळे ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखले. मी उभ्याउभ्याच विचारले, "बाई, मी तुम्हाला मागणी घातली होती. नकार कोणाचा होता?"

त्या म्हणाल्या, "माझा. दुसऱ्या कोणाचा? मी बापाला सपष्ट सांगितलं, मास्तर नको. भांडायला गेले तर माझ्या भांडणातबी चुका काढल्या! जन्मभर कोण सुधरून घ्यील? बापानं भागवतला सांगितलं, त्यानं पत्रिकेवर ढकललं. मला तोंडावर बोलू दिलं असतं तर तवाच सांगितलं असतं."

पार्वतीबाई पोट धरून हसली. "बाई, मी आले की यांच्या घरी. एकबी शब्द सुधरू दिला न्हाई!"

नकार पोहोचला. तो स्पष्ट आहे, सकारण आहे, आणि मला मान्य आहे. लक्ष्मीबाईंच्या भांडणातील चुका मी काढल्या त्या मात्र चुकाच होत्या.

मी आरोहीची हकीकत सांगितली आणि दुसरा प्रश्न विचारला: या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही कराल काय? लक्ष्मीबाईंनी कलम ६ माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

"खोली पोरीच्या नावानं पक्की लिहिली ना? पोरगा काढून घ्यील का?"

"तुमची सही असेल तर घेऊ शकणार नाही."

"मंग आणा इकडं पेन."

या बाईंकडून मला मिळालेला हा पहिला होकार आहे. त्यावर मी समाधानी आहे.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला व त्यांच्यादेखत सही केली. त्यांनी माझ्यादेखत केली.

लिहून देणार:
संतराम जळबा पतंगे (सही)

साक्षीदार:
१. श्रीमती लक्ष्मीबाई धोंडिबा कऱ्हाळे, राहणार शिरड शहापूर (सही). लिहून देणाऱ्याशी नाते: नाही.
२. हिरासिंग राठोड, राहणार कळमनुरी, धंदा रद्दी व भंगार (सही). लिहून देणाऱ्याशी नाते: विद्यार्थी.

स्थळ: शिरड शहापूर, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली
दिनांक: १८ सप्टेंबर २०२५