पाय न उचलणारा उंदीर

पुणे, १४ एप्रिल २०२४

ती. मथुराआत्येस, सारिकाचा सा. न. वि. वि.

फोनवर तू तुझ्या वाढलेल्या साखरेचा विषय टाळतेस, म्हणून पत्र. इथे प्रयोगशाळेत मधुमेह जडवलेले चोवीस उंदीर माझ्याकडे आहेत. किंचित तापलेल्या पत्र्यावर ठेवून ते पाय कधी उचलतात, हे मी मोजते. निरोगी उंदीर लगेच उचलतो. हे उभेच राहतात. वेळ संपली की मीच उचलते.

काल तसाच एक उभा राहिला आणि तू आठवलीस. गेल्या महिन्यात मी तिकडे आले होते तेव्हा भर दुपारी तू वाळूतून अनवाणी आलीस आणि हसत म्हणालीस, आता माका चटकोच लागना नाय. आत्ये, पाय दाखवून ये. माझ्यासाठी.

तुझी,
सारिका

तारकर्ली, २ मे

चि. सारिकाक पोटभर आशीर्वाद.

तुझा पत्र वाचून आधी रागच इलो. आत्येक उंदरांच्या पंगतीत बसवलंस! त्याच रागान आरसो पायाखाली धरलंय. अंगठ्याखाली कालवाची शिप रुतलेली, भोवती काळा पडलेला. कितके दिस ती घेवन चलत होतंय, देवाक ठावक.

डॉक्टर म्हणालो, आठवडो उशीर झालो असतो तर पाय गेलो असतो. अंगठो काढूचो लागलो. माझो पोरगो लवू बोटीवरून इलो की पट्टी बदलता. तेचे डोळे भरतत, म्हणान मीच तेका हसवतंय.

एक विचारतंय, खरा सांग. त्या उंदरांचा पुढे काय झाला?

तुझी आत्या

पुणे, ११ मे

ती. आत्येस, सा. न. वि. वि.

पाय वाचला हे वाचून मी प्रयोगशाळेबाहेर जाऊन रडले.

उंदरांचं खोटं लिहिणार नाही. साखर आम्हीच त्यांना जडवली होती. शेवटी भूल देऊन त्यांना संपवलं आणि पायांच्या नसा तपासल्या. नसा सुधाराव्यात म्हणून त्यांना दिलेल्या आमच्या औषधानं काहीच गुण आला नव्हता. सर म्हणतात, फसलेलं छापून काय करायचं, दुसरं औषध घेऊ. मी पाप केलं का, या विचारानं माझं मन मात्र कामात लागत नाही.

सारिका

तारकर्ली, २० मे

चि. सारिकाक आशीर्वाद.

पाप की पुण्य, ता माका सांगूक येवचा नाय. मी जन्मभर मासे कापलंय, पण मारलेलो मासो कधी वाया घालवूक नाय. तुझ्या सरांका सांग, फसला ता पण छापा. नायतर आणखी कोणतरी त्याच औषधासाठी परत चोवीस जीव मारतलो.

माया आसाच, ती रवांदे.

आत्या