दोरीवरच्या विजारीची कविता

लिस्बन, बुधवार

आन्सेल्मूमामा,

आधी आशीर्वाद देऊन टाका आणि मगच पुढे वाचा. उलट केलंत तर तो मिळेल याची मला खात्री नाही. तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला गेला का? द्राक्षवेली छाटून झाल्या असतील. (गाढवीण अजून शेजाऱ्याच्याच मळ्यात चरते ना? तिला बोलू नका, तिला चव कळते.) मी खुशाल आहे, फक्त मान आखडलीय, आणि त्याचं कारण लुदोविना.

इथली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मुलीशी बोलायचं म्हणजे ती खिडकीत आणि आपण खाली रस्त्यावर. लुदोविना राहते तिसऱ्या मजल्यावर. आठ महिने रोज संध्याकाळी मी गुळण्या करणाऱ्या माणसासारखा मान वर करून उभा असतो. तिचे वडील सेन्योर तिबूर्सियू जकात कचेरीत मोठे साहेब. ते मला बघून न बघितल्यासारखं करत, आणि आमच्या गल्लीत याला अर्धा होकार समजतात.

आता माझी कविता. कॉफीच्या दुकानात आम्ही चौघा कवींनी शपथ घेतलीय, की यापुढे चंद्र, गुलाब, बुलबुल बंद. शहरात डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं. आठ महिने एकाच जागी उभं राहिल्यामुळे मला एकच गल्ली दिसते. तीच लिहिली: गटार, कोळणीच्या पाटीतली तारली, पाववाल्याचं खरूज झालेलं खेचर, आणि तिसऱ्या मजल्याच्या दोरीवर वाळणारी, तीन ठिगळांची आतली विजार. (पिवळसर. रंग गाळणं मला अप्रामाणिकपणाचं वाटलं.) मागच्याच्या मागच्या रविवारी वर्तमानपत्रात छापून आली. नाव मी कुणाचंच दिलं नव्हतं, हे लक्षात घ्या. गल्लीतली कुजबुज दोन दिवसांत विरलीही असती, पण सेन्योर तिबूर्सियू स्वतः पेपर घेऊन खिडकीत आले आणि सगळ्यांदेखत गरजले, "तीन कुठली? दोनच आहेत!"

झालं. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, कचेरीत त्यांच्या टेबलावर कुणीतरी सुईदोरा ठेवला म्हणे.

तेव्हापासून खिडकी बंद. आज दहावा दिवस. मी रोज जाऊन बंद फळ्यांकडे बघून परत येतो. मामा, थट्टा बाजूला ठेवून सांगतो, तिच्यावाचून मला करमत नाही. जेवण जात नाही. कविता तर सुचतच नाही.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा,
झेफेरीनू

ता. क. मूळ काम राहिलंच. तुमची एखादी जुनी, तीन ठिगळांची विजार टपालाने पाठवा. गल्लीतल्या न्हाव्याच्या दोरीवर मी ती टांगीन आणि कवितेतली ती हीच, असं चारचौघांत सांगेन. (खोटं आहे, पण ठिगळं तरी खरी असतील.)

ता. क. दुसरा. पत्र टाकायला निघालो, तर वाटेत कोळीण जसिंता भेटली. म्हणाली, "अरे शहाण्या, खिडकी बापाने नाही, पोरीनेच लावलीय. गटार आलं, खेचर आलं, माझे मासेसुद्धा आले. ती कुठाय?"

मामा, तिच्यावर आठ ओळी होत्या. पण तिच्याबद्दल लिहायला बसलं की चंद्र आणि गुलाब हजर, म्हणून शपथेपायी मी त्या खोडल्या. काय हा मूर्खपणा! मग तिथेच पायरीवर बसून दिसतं तेवढंच लिहिलं: खालून मला तिची फक्त हनुवटी दिसते, तिच्यावर एक तीळ आहे, आणि मी आठ महिने तेवढ्यासाठी येतो. जसिंताने हाळी दिल्यावर फळी किलकिली झाली आणि मासळीची टोपली दोरीने खाली आली. तिच्यातून कागद वर गेला. परत आला तेव्हा त्याला तारलीचा वास होता, आणि खाली लुदोविनाचं अक्षर: "तीळ नाही, केस कुरळे करायच्या चिमट्याचा चटका आहे. रोज संध्याकाळी घाई होते. वर येऊन नीट बघा."

आता वर जायचं तर घरच्या वडीलधाऱ्याने रीतसर मागणी घालावी लागते, आणि मला वडीलधारे म्हणजे तुम्हीच. तेव्हा विजार टपालाने पाठवू नका. घालूनच या.