दार फिरलं

उधना, सुरत
८ जानेवारी १९९६

ती. अक्कास सरलाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. गायत्रीची मात्र काळजी वाटते. डॉक्टर म्हणाले, पोर पाणी पीत नाही म्हणून लघवीची जळजळ आहे. पाणी का पीत नाही, ते तुला काय सांगू! सोसायटीत महापालिकेनं नवा संडास बांधलाय, पण बायकांचं दार नेमकं ट्रक थांबतात तिकडे, पानाच्या गल्ल्यासमोर, म्हणजे टपरीसमोर. पोरी जातच नाहीत. दार मागच्या गल्लीत फिरवा म्हणून झोन ऑफिसात सात वेळा गेलो. साहेब म्हणतात, नकाशा मंजूर आहे, दार फिरत नाही.

महापालिकेतली आमच्या वॉर्डाची जागा या निवडणुकीत बाईसाठी राखीव होती. जशुबेन निवडून आल्या. पण घरी गेलं की त्यांचे यजमानच ओट्यावर बसलेले. बेनला कशाला त्रास, मला सांगा, म्हणतात आणि कागद खिशात घालतात. तू पंचायतीत चार वर्षं काढलीस. काहीतरी सुचव.

माया असू दे.
तुझी सरला

बोरखेडे
१९ जानेवारी १९९६

चि. सरलास रुक्मिणीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग राग आला. पहिल्या वर्षी माझ्या खुर्चीवरही तुझे दाजीच बसायचे. एकदा मी आधी जाऊन बसले. ते उभे राहिले, आणि मिटिंग झाली!

यजमानांना कागद देऊ नका. बेन एकट्या कुठे भेटतात ते शोधा. नुसती तक्रार सांगू नका, त्यांना तिथं न्या. सह्या, अंगठे घराघरातून घ्या आणि प्रत आपल्याजवळ ठेवा. जोराने बोलणारी बाई पुढे करू नका, जिला सोसावं लागतं तिला करा. लहानपणी बोरांसाठी माझ्याशी भांडायचीस, तेवढी चिकाटी इथे पुरे.

गायत्रीला धन्याचं पाणी दे. सगळ्यांना आशीर्वाद.
तुझी अक्का

उधना, सुरत
२७ मार्च १९९६

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागवू नकोस. जशुबेन मंगळवारी माताजीच्या देवळात येतात असं कळलं. आम्ही तीसजणींनी त्यांना तिथं गाठलं. रोज अंधार पडेपर्यंत थांबणाऱ्या शेजारच्या धुरपदाबाईंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, चला, संध्याकाळी आमच्यासोबत. त्या आल्या. ट्रकवाले बोनेटवर बसलेले, गल्ल्यावर हसणं चाललेलं. जशुबेननं पदर डोक्यावर ओढला, दारातून आत गेल्या, परत आल्या. लगेच रिक्षा करून घरी निघून गेल्या. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात.

महापालिकेच्या सभेच्या दिवशी बावीसजणी वर प्रेक्षकांत बसलो. गायत्रीचे बाबा मिलमधून सुट्टी काढून घरी राहिले, पोरांचं जेवण त्यांनी केलं. जशुबेन उठल्या. यजमानांनी लिहून दिलेली चिठ्ठी हातात होती. ती घडी करून त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “दार फिरत नाही म्हणणाऱ्या साहेबांनी घरच्या बायकांना घेऊन त्या दारातून एकदा जावं. मी जाऊन आले.” मग आमच्या चारशे बारा सह्या पुढे ठेवल्या. खाली बसलेल्या दुसऱ्या पक्षाच्या दोन बायका उठल्या आणि आमचाही पाठिंबा, म्हणाल्या.

ठराव झाला. गेल्या आठवड्यात भिंत फुटली, दार गल्लीत आलं, वर दिवाही लागला. गायत्री बरी आहे, शाळेत जाते. उद्घाटनाला जशुबेननं फीत स्वतः कापली नाही, कात्री धुरपदाबाईंच्या हातात दिली. यजमान मागे हार धरून उभे होते.

आणि काल काय झालं ऐक. झोन ऑफिसातले तेच साहेब आमच्या ओट्यावर आले. रेल्वे फाटकाजवळच्या वस्तीत नवा संडास बांधायचाय. पाया खणण्याआधी नकाशा बायकांना दाखवा, असा जशुबेनचा निरोप होता. साहेबांनी कागद पसरला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

आशीर्वाद असू द्यावा.
तुझी सरला