दाणा कुणाच्या हातचा

४ मार्च
परत आले! तीन वर्षं जहाजांवर केबिनी पुसल्या — मार्सेय, बार्सिलोना, कुठं कुठं — आणि आता सिसिलीत, मझाराच्या आमच्या स्वयंपाकघरात. चुलीपाशी आई नाही. गेल्या वर्षी १९ मार्चला गेली, मी पोचलेसुद्धा नाही. वर्षाच्या जेवणाला तिच्यासारखाच कुसकुस करायचाय — रव्याचे बारीक दाणे वळून वाफवायचे, वर माशाचा रस्सा. एवढं तरी जमू दे.
समोर कुणीतरी निळा शर्ट वाळत घातलाय. छान आहे. बाही एकच दिसते.

६ मार्च
फसलं! परातीत रवा घेतला, पाणी शिंपडत बोटं फिरवली. दाणे व्हायला तयार नाहीत, नुसता लगदा. शिवाय खालचं पाण्याचं भांडं आणि वरचं भोकांचं, त्यांच्या सांध्याला कणकेची पट्टी लावायची विसरले. सगळी वाफ पळाली. मझाराची कोण मुलगी ही चूक करते?
जाकोमा आत्या बघायला आलीच. "तुझ्या आईचा दाणा म्हणजे अस्सल सिसिलीचा. त्या ट्युनिशियावाल्यांचा नव्हे! आणि तू काय शिकलीस? संडास धुवायला?"
आई दाणा वळायची तेव्हा मला बाहेर पिटाळायची. "वारा लागला की बिघडतो." दार बंद. मीही खुशाल बंदरावर उंडारायचे. एकदा फटीतून तरी बघायचं होतं!

११ मार्च
पुन्हा लगदा. मांजरानंही तोंड लावलं नाही.

१२ मार्च
रव्याला शिव्या घालत होते, तर खालच्या मजल्यावरची झोहरा वर आली. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर असतो; मूळचे ट्युनिशियातल्या महदियाचे. "सरक गं." दोन मिनिटांत मोहरीएवढे दाणे! एक कच्चाच तोंडात टाकला. दालचिनी. आईचा!
"आईनं शिकवलं तुला?"
हसली. मग हसायची थांबली. "पोरी, रस्सा तुझ्या आईचा, दाणा माझा. मागच्या जिन्यानं दाणा वर यायचा, निम्मा रस्सा खाली जायचा. अठरा वर्षं! आत्याला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती तिनं."
रागवायला हवं होतं मी. तेवढ्यात म्हणाली, "वर्षभर कोरडाच खातेय मी."
रश्श्याला लसूण-बदाम मीच कुटायचे! लहानपणी स्वयंपाकघरात तेवढंच काम माझं. खलबत्ता शोधला. माळ्यावर होता, आत माझी एक जुनी गोटी.

१९ मार्च
झोहराला मुद्दाम टेबलावर बसवलं. आत्यानं दोनदा वाढून घेतलं. "अस्सल!" — सगळ्यांना ऐकू जाईल असं. झोहरा ताटाकडेच बघत होती. मग आत्यानं पावाच्या तुकड्यानं ताट पुसलं आणि हळूच तिच्याकडे वळली, "हात थकला का गं, झोहरा? यंदा जरा जाड वळलास."
आईनं अठरा वर्षं ते दार उगाचच लावून घेतलं. हे ऐकायला ती हवी होती!