लिबेरातूकाकांना कोण उतरवून घेईल?

साओ टोमे, ३ सप्टेंबर १९९४

ती. आत्यास,
झुल्मिराचा सा. न. वि. वि.

मी वेळेवर जेवते, झोपते, आणि वकिलातीत अजून कुणी मला रागावलेलं नाही. तू विचारतेस, दोन बेटांच्या देशांमध्ये आपल्या वकिलातीला काम तरी काय असतं? इथल्या कोकोच्या मळ्यांवर आपल्या केप व्हर्दची म्हातारी माणसं आहेत. करारावर आली, करार संपले, परतीचं भाडं कधी जमलं नाही. त्यांतल्या काहींना वकिलात विमानाने घरी पाठवणार आहे. अट एकच: तिकडच्या एखाद्या नातेवाइकाने सही करून सांगायचं, की याला मी घरात घेईन.

काल मळ्यावर नावं लिहून घेत होते. एका म्हाताऱ्याने गाव सांगितलं पाउल, आईचं नाव बिब्याना. आत्या, गाव आपलं, आणि नाव माझ्या आजीचं! ते लिबेरातूकाका आहेत, तुझे थोरले भाऊ. मी कोण ते कळल्यावर म्हणाले, की नाक तर आमच्याच घरचं आलंय, बिचारी.

तू सही करशील ना? विमान ऑक्टोबरात आहे.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी झुल्मिरा

पाउल, २१ सप्टेंबर १९९४

चि. झुल्मिरास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता चुलीवरची मक्याची काचूपा करपली. फिर्मिनो म्हणाला, आई आता मका जाळून घालणार वाटतं. मी त्याला काही सांगितलं नाही. कसं सांगू? दुष्काळानंतर लिबेरातू तिकडे मळ्यावर कामाला गेला, पुढे त्याची पत्रं बंद झाली, तेव्हा आईने काळे कपडे घातले आणि सगळं गाव येऊन रडून गेलं. त्याच्या वाटणीचा उसाच्या जमिनीचा तुकडा माझ्याकडे आला. फिर्मिनोने यंदा त्यावरच दोन खोल्या बांधल्यात, छप्पर तेवढं राहिलंय. भाऊ जिवंत परत आला तर माझ्या मुलाने बायकोपोरांना घेऊन कुठे जायचं?

खोटं लिही असं मी तुला म्हणणार नाही. अक्षरं मीच शिकवली तुला, आणि खरं बोलणंही. फक्त, तुझं पत्र मला पोचलंच नाही असं समज.

नखं खाऊ नकोस. आत्यावर राग धरू नकोस.
तुझी आत्या दुमिंगा

साओ टोमे, १२ ऑक्टोबर १९९४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तसं समजणं मला जमलं नाही. राजदूतसाहेबांना सांगितलं, नातेवाईक आहे, सही नाही. ते म्हणाले, मुली, माझ्या आईला घरात घ्यायला मलाच बायकोची परवानगी लागते, मी दुसऱ्यावर काय सक्ती करणार?

मग काका आले, धुतलेला शर्ट घालून. बहीण काय म्हणाली, विचारलं. मी सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, दुमिंगा लहानपणीही माझा पाव खायची आणि वर मलाच रडवायची. फिर्मिनोला म्हणावं, आधी छप्पर घाल. शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्याच्या मुलीची सही आली होती, पण विमानात जागा उरली नव्हती. त्याला त्यांनी आपल्यासाठी धरून ठेवलेली जागा दिली. शुक्रवारी विमान गेलं.

त्या दिवशी जाता जाता दारातून परत येऊन काकांनी विचारलं, तिकडे मी मेलेलाच बरा, पण इथे खरंच मेलो तर तुम्ही कळवणार कुणाला? आत्या, तूच सांग, मी काय लिहून ठेवू?

रागावलेली नाही, पण झोप येत नाही.
तुझी झुल्मिरा

पाउल, ३ नोव्हेंबर १९९४

चि. झुल्मिरास अनेक आशीर्वाद.

काल मृतांचा दिवस. चर्चमध्ये पाद्री मेलेल्यांची नावं वाचत होते. लिबेरातूचं आलं, आणि मी उभी राहिले. म्हटलं, फादर, ते नाव घेऊ नका, तो जिवंत आहे. अख्खं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं. फिर्मिनो तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. सुनेने निरोप पाठवला, म्हातारीला पोटच्या पोरापेक्षा भूत प्यारं. असू दे.

सही केली आहे, सोबत पाठवते. माझ्या खाटेशेजारी त्याची खाट कशीबशी मावेल. पुढचं विमान कधी, साहेबांना विचार. आहे की नाही, तेही विचार. नसलंच, तर लिबेरातूला एवढं सांग, की आता त्याच्यासाठी गावात कुणी रडत नाही. सगळे शिव्या देताहेत.

जिवाला जप.
तुझी आत्या दुमिंगा