कृष्णाच्या तीन सुया

चंडीगड, ९ ऑगस्ट १९८८

ती. प्रतिमाताईस धाकट्या विनयाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मेतकूट पोचलं. इथे कॉलऱ्याची साथ आहे, पण काळजी नको. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या कॉलनीच्या कमिटीत मी ठराव मांडला की, सुई टोचल्याची चिठ्ठी दाखवल्याशिवाय कामाला येणाऱ्या कुणालाही फाटकातून आत सोडायचं नाही. चिठ्ठीवर कमिटीचा शिक्काही हवा; तो नसेल त्याला फाटकावरच टोचायचं. ठराव एकमताने पास झाला. घरी नरेश म्हणाले, कॉन्व्हेंट शाळेतल्या मदरला घाबरणारी तू, आता स्वतःच मदर झालीस. अतिरेक्यांपायी रस्तोरस्ती पोलिसांचे नाके आहेत, कर्फ्यूचे पास आहेत. त्यात आणखी एक कागद कुणाला जड होणार?

आमची कामवाली कृष्णा मात्र चार दिवस आलेली नाही. पिंजौरहून बसने येते ती. सुईला घाबरली असणार. अध्यक्ष सोढीसाहेब म्हणतात, दुसरी बाई बघा.

लोभ आहेच, तो पत्रातूनही येऊ दे.
तुझी विनया

मिरज, १६ ऑगस्ट

चि. सौ. विनयास अनेक आशीर्वाद.

सुई हवीच. आपली काकू पटकीने गेली तेव्हा तू पाळण्यात होतीस. मला सगळं आठवतं. पण कागद फक्त कामाला येणाऱ्यांकडेच का? सोढीसाहेबांना कॉलरा होत नाही वाटतं? तुझी चिठ्ठी कुणी बघितली? आणि ती घाबरली, हे तू घरबसल्या ठरवलंस. आधी चौकशी कर, मग दुसरी बाई बघ.

गुडघे ठणकताहेत, तरी रागवायला म्हणून बसून लिहिलं. राग ओसरला, माया तेवढीच आहे.
ताई

पिंजौर बस स्टँड, २३ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

कृष्णाच्या शेजारची बाई आमच्याच कॉलनीत कामाला येते, तिच्याकडून सगळं कळलं. कृष्णाने पिंजौरलाच सुई घेतली होती. त्या चिठ्ठीवर आमचा शिक्का नाही, म्हणून फाटकावर दुसरी टोचली. ती चिठ्ठी बसच्या झडतीत, पोटली उलटी केली तेव्हा हरवली, म्हणून तिसरी. आठ दिवसांत तीन सुया, ताई, आणि तिन्ही माझ्या फाटकासाठी. दंड सुजला, तापाने अंथरूण धरलं.

रविवारी मी कमिटीला म्हटलं, आधी आपापल्या चिठ्ठ्या काढा. बाराजणांत एकाकडेही नव्हती, माझ्याकडेही नाही. सोढीसाहेब म्हणाले, दिवस वाईट आहेत, विश्वास कुणावर ठेवायचा? मी म्हटलं, बंदुकीसाठी माझी झडती रोज घ्या, मी मुकाट्याने देईन. पण कॉलरा कागद वाचून थांबत नाही. तिथे सुई घेऊन लोकांच्या दारी जायचं, समजावायचं, आणि टोचली म्हणाली तर बाईचा शब्द मानायचा. ठराव रद्द झाला. मग आम्ही बाराही जणांनी सुई टोचून घेतली.

काम तुझंच आहे, हे सांगायला आज कृष्णाकडे गेले होते. मला दारात पाहताच ती खाटेवर उठून बसली आणि तिने दुसऱ्या हाताची बाही वर केली.

बस आली. रागवत राहा.
तुझी विनया