पाखऱ्याची जागा

प्रिय अंजूबाई,

पोळा झाला की सात शेळ्या आणि पोरं घेऊन तू माहेरी तांड्यावर राहायला येणार, लेक येणार म्हणून याडीनं अंगणात खुंटेसुद्धा ठोकले. ये, नक्की ये. पण चराईसाठी बानं तुला देऊ केलेली नाल्याकाठची पट्टी घेऊ नकोस. शेळी तर नाहीच, पोरांचं पाऊलही मी तिथं पडू देणार नाही.

देवीलालकाकांच्या दोन शेळ्या तिथं चरल्या आणि चौथ्या दिवशी तडकाफडकी मेल्या. नाकातून काळं रक्त. गुरांच्या डॉक्टरांनी नमुना पाठवला, काळपुळी (अँथ्रॅक्स) निघाली, माणसांनाही होणारी. मी दोनदा विचारून वहीत लिहून घेतलं. हे जंतू स्वतःभोवती कवच करून मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात, पण सगळ्या मातीत सारखे नाही. नाल्याकाठची काळी, चुनखडीची, ओल धरणारी माती त्यांना मानवते. बरडावरच्या लाल मुरमात ते एवढे टिकत नाहीत. पूर आला की वर येतात. मी विचारलं, वरून चुना टाकला असेल तर? डॉक्टर म्हणाले, "चुन्यानं ते मरत नाही रे, उलट सांभाळून ठेवते."

आपला पाखऱ्या अकरा वर्षांपूर्वी असाच गेला. सकाळी औताला जुंपला, दुपारी आडवा. लोक कातडं काढा म्हणत होते. बा म्हणाला, "घरचा माणूस होता तो, कातडं कायले काढता? सुनील, बरडावर पुरून ये." त्याला बघवेना, तो आला नाही. तेव्हापासून दर पोळ्याला बा बरडावरच्या त्या दगडाला हळद लावतो, पुरणपोळी ठेवतो आणि म्हणतो, "खाऊन घे रे पाखऱ्या."

बाई, त्या दगडाखाली काही नाही. मुरमावर पहार नुसती उडत होती, हाताला फोड आले. मग चुलतभाऊ भारत आणि मी पाखऱ्याला नाल्याकाठच्या मऊ मातीत पुरलं, तेही कमरेइतक्याच खड्ड्यात. वरून दोन पाट्या चुना टाकला. बरडावर फक्त दगड ठेवला.

पट्टीला काट्यांचं कुंपण घातलंय. माती उकरली नाही. तांड्यातल्या सगळ्या जनावरांना लस टोचून घेतली. राहिलं ते एकच. परवा पोळ्याला बा ताट घेऊन बरडाकडे निघेल, तेव्हा मी त्याला वाटेतच सांगणार आहे. हे पत्र तुझ्या गावाला, झरीला जाणाऱ्या गाडीत देतोय, ते त्यासाठीच. तुला कळलेलं असलं की ऐनवेळी मला मागं फिरता येणार नाही.

आता काही न लपवणारा, तुझाच
सुनील